टेबलावर चिखलाचे बूट

कारखान्यात त्याला नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळे त्याला 'जागेवर' म्हणत. हत्यारांच्या कोठीचा तो राखणदार. कोठीला एक खिडकी होती आणि खिडकीला एक रुंद फळी. फळीच्या त्या बाजूला फिटर, टर्नर, वेल्डर. या बाजूला हा. काम संपलं की माणसं पाना, हातोडी, कानस, जे काय नेलं असेल ते फळीवर टाकून वळायची. हा मागून एकच शब्द बोलायचा, "जागेवर." आवाज चढवायचा नाही. पण माणूस मुकाट परत यायचा, कोठीत शिरायचा आणि हत्यार त्याच्या खुंटीला अडकवूनच जायचा.

कोठीच्या भिंतींना लाकडी फळ्या होत्या. प्रत्येक हत्याराची आकृती त्याने फळीवर पांढऱ्या रंगाने स्वतः काढली होती. पाना गेला की पान्याची आकृती उघडी पडायची आणि तिथं नेणाऱ्याचा पितळी बिल्ला लटकायचा. संध्याकाळी भोंगा झाला तरी एखादी आकृती उघडी राहिली, तर ती त्याला किडक्या दातासारखी सलायची. तो घरी जात नसे. ज्याचा बिल्ला असेल त्याला शोधून काढायचा, दरवाजात गाठायचा. एवढ्या वर्षांत कोठीतून एक स्क्रू-ड्रायव्हरही कमी झाला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. उगाच नाही. चारशे माणसांच्या हाताखालून जाणारी वस्तू सांभाळणं म्हणजे खायचं काम नव्हे. ज्यानं केलं नाही त्याला ते बसून केलेलं काम वाटतं.

निवृत्त होऊन तो घरी बसला तेव्हा बायकोनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "माझ्या खोलीत आकृत्या काढायच्या नाहीत."

तिची खोली म्हणजे घरामागची, एका खिडकीची. तिथं ती ब्रश बनवायची. कपड्यांचे, बुटांचे, बाटल्या धुण्याचे, जळमटं काढायचे, टेबलावरचे कण गोळा करायचे. याआधी बरीच वर्षं ती ब्रशांच्याच कारखान्यात होती. पण तिथं तिच्या वाट्याला ब्रश कधी आलाच नाही. तिच्या वाट्याला आली भोकं. लाकडाचा ठोकळा भोकं पाडून तिच्यापुढे यायचा. तिनं घोड्याच्या केसांची चिमूट घ्यायची, मधोमध तारेत अडकवायची, तार खालून ओढायची, झुपका भोकात घट्ट बसवायचा, पुढचं भोक. केस कापायचा दुसरा, पाठ चिकटवायचा तिसरा, पॉलिश करायचा चौथा. चिमूट मात्र सारखी लागते. एक झुपका जाड, एक बारीक, असं झालं की ब्रश चालताना उड्या मारतो. तिची चिमूट डोळे मिटूनही सारखी यायची. मशीन आलं तेव्हा बाकीच्या बायका कमी झाल्या, ती राहिली. मग एके दिवशी कुणाच्या तरी घरी तिनं भरलेला ब्रश तिला दिसला, बुटांच्या कपाटावर पडलेला. तिनं तो उचलून पाहिला आणि म्हणाली, मी हा पहिल्यांदाच पुरा बघते आहे. त्यानंतर वर्षभरात तिनं काम सोडलं.

आता ठोकळा तासण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं तिचं. कडेच्या रांगांची भोकं ती तिरपी पाडायची, म्हणजे झुपके फुलासारखे बाहेर उमलतात. कारखान्यात ते कधी करू दिलं नव्हतं. वेळ जातो म्हणून. ब्रश चांगले होते. पण चांगला ब्रश खोलीत बसून स्वतःची ओळख करून देत नाही. गावाबाहेरच्या मैदानावर दर रविवारी बाजार भरायचा, तिथं तिनं एक टेबल घेतलं होतं. ती एका चादरीवर ब्रश येतील तसे ओतायची आणि मागे खुर्ची टाकून बसायची. बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणं तिला जमत नसे. ती मान खाली घालून झुपके भरत बसायची, आणि लोक पुढे जायचे. खोकी जेवढी भरून जायची तेवढीच भरून परत यायची.

अशात ब्रशांच्या कारखान्याच्या मालकाचा निरोप आला. मालक माणूस वाईट नव्हता. त्याला हातानं झुपके भरलेल्या ब्रशांचं एक मोठं काम मिळालं होतं आणि अशी चिमूट असणारं माणूस त्याला मिळत नव्हतं. परत या, तुमची खिडकीजवळची जागा देतो, पण महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी हो की नाही ते सांगा, मला थांबता येणार नाही. निरोप ऐकून ती हसली नाही, रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, मध्ये दोन रविवार आहेत. या दोन रविवारी काही हललं तर ठीक, नाहीतर मी जाते परत. माझ्यानं नुसते ब्रश करून माळ्यावर रचणं होत नाही. निदान तिथं कुणाला तरी हवे तरी आहेत.

तिला जायचं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. परत भोकं भरायला जायचं म्हणजे काय, हे तिनं बोलून दाखवायची गरज नव्हती. त्या रात्री जेवताना तिनं ब्रशाच्या पाठीवरून अंगठा फिरवावा तसा ताटाच्या कडेवरून फिरवला. त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "टेबल माझ्यावर सोड."

ती म्हणाली, "तुम्ही काय विकलंय आजवर?"

"विकायचं तू बघ. मांडायचं मी बघतो. मांडणं मला येतं."

ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. बाजारातलं टेबल घरी नव्हतं, पण त्याचं माप त्यानं टेपनं घेऊन ठेवलं होतं. मधल्या खोलीचं दार जवळजवळ त्याच मापाचं. त्यानं बिजागऱ्या काढून दार उतरवलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं. आठवडाभर घराला मधलं दार नव्हतं. बायको म्हणाली, कुणी आलं तर सांगू, विकलं. त्या दारावर त्यानं खडूनं आखणी केली. मागे उंच, पुढे बुटकं. मोठे ब्रश डावीकडे, मग उतरत्या क्रमानं उजवीकडे. मागे उभी राहील अशी एक फळी बसवली, तिला खुंट्या मारल्या, आणि खुंटीखुंटीमागे प्रत्येक ब्रशाची आकृती पांढऱ्या रंगानं काढली. बायकोच्या खोलीत काढायची नव्हती. ही फळी होती. काम नेटकं झालं. रेघेला रेघ लागलेली, दोन ब्रशांमध्ये बोटभर अंतर, सगळ्या मुठी एका दिशेला. त्यानं दूर जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, एक मूठ केसभर सरळ केली. असं काम झालं की माणसाला भूक लागते. त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

पहिला रविवार उजाडला. मैदान ओलं होतं. शेजारच्या टेबलावर सुऱ्या विकणारा होता, गप्पिष्ट, पोट सुटलेला. 'जागेवर'नं फळी उभी केली तेव्हा तो आपलं काम टाकून पाहायला आला. म्हणाला, काका, हे तुम्ही हातानं केलं? वहिनी, तुम्ही नशीबवान आहात हो. बायकोनं नुसती मान हलवली. नवऱ्याचं कौतुक ऐकताना तिला नेहमी शंका यायची.

माणसं आली, आणि थांबू लागली. हे आधीच्या रविवारी कधी झालं नव्हतं. टेबलापुढे चांगली पाचसहा जणं एका वेळी उभी. वा, काय नीट मांडलंय, असं म्हणाली. एका बाईनं मुलीला दाखवलं, बघ, तुझं कपाट असं हवं. एकानं विचारलं, हे प्रदर्शन कुठल्या संस्थेचं? आणि मग सगळी पुढे गेली. जागेवरला आनंद होत होता. बायकोला होत नव्हता. ती मागे बसून बघत होती, आणि तिला जे दिसलं ते त्याला दिसत नव्हतं. माणसं हात पाठीमागे बांधून उभी राहत होती. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

दुपारी एक माणूस जरा धीट निघाला. अंगात चांगला कोट, कॉलरवर कुत्र्याचे केस. त्यानं फळीवरचा कपड्यांचा ब्रश खुंटीवरून काढला. मागे ब्रशाची पांढरी आकृती उघडी पडली. माणसानं केसांवरून बोट फिरवलं, म्हणाला, छान आहे, हा घेतो. आणि जागेवरच्या तोंडून, मधे विचार न येता, निघून गेलं, "परत कधी आणणार?"

माणूस त्याच्याकडे बघत राहिला. मग ब्रशाकडे. म्हणाला, "परत आणायचा असतो?"

जागेवर गोंधळला. नाही, नाही, तुमचाच, असं काहीतरी म्हणाला, पण त्याचा हात तोवर पुढे झाला होता, ब्रश घ्यायला. चाळीस वर्षांचा हात. माणसानं ब्रश त्या हातात ठेवला, बरं बरं, नंतर येतो, म्हणाला आणि गेला. जागेवरनं ब्रश खुंटीला लावला, आकृती झाकली, आणि मगच त्याच्या ध्यानात आलं काय झालं ते.

सुरीवाला हसून हसून लाल झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच, म्हणाला. बायको हसली नाही. तिनं हातातला ठोकळा खाली ठेवला.

"तुम्ही जरा फिरून या," ती म्हणाली. "तुम्ही इथं उभे असता तेव्हा माणसांना वाटतं, काही हलवलं तर बिल्ला लागेल."

तो गेला. अपमान गिळून गेला, पण गेला. बाजार लांबलचक होता. आधी तो नुसता चालला. मग सवयीनं टेबलं पाहू लागला. बहुतेक टेबलं त्याला बघवेनात. जुन्या कपबश्या ढिगानं. लोकरीचे मोजे एकावर एक, जोडीचा पत्ता नाही. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर नळाच्या तोट्या, कात्र्या आणि चष्मे एकाच टोपलीत. आणि त्या टोपलीत तीन माणसांचे हात कोपरापर्यंत. तो थांबला. मग त्यानं वस्तू बघायचं सोडलं आणि हात बघू लागला. हे काम त्याला नवीन नव्हतं. कोठीच्या खिडकीतून चेहरे नीट दिसत नसत, हातच दिसत. हातावरून तो माणूस ओळखायचा, आणि हात कुठं जाणार आहे तेही. बाजारात त्यानं पाहिलं की माणसाच्या डाव्या हातात पिशवी असते आणि उजवा मोकळा असतो. मोकळा हात कमरेपासून छातीपर्यंतच फिरतो. त्याच्या वरचं माणूस बघतो, खालचं विसरतो. आणि हात जातो तो अर्धवट पडलेल्या वस्तूकडे. सरळ ठेवलेल्याकडे नाही.

परतताना त्यानं सुरीवाल्याचं टेबल पहिल्यांदा नीट पाहिलं. सुऱ्या काही फार नव्हत्या. पण पुढच्या कडेला जाड दोराचा एक तुकडा खिळ्यानं ठोकलेला होता. जो येई तो काही न विचारता एक सुरी उचलायचा आणि दोर कापून बघायचा. सुरीवाला बोलत होता दुसऱ्याशीच. दोर आपलं काम करत होता.

त्यानं विचार केला, ब्रशाचा दोर कुठला?

दिवस संपला. खोकी जवळपास भरलेलीच होती. घरी आल्यावर त्यानं दारात बूट काढले. मैदानातला चिखल टाचेपर्यंत वाळून पांढरा झाला होता. खोकं तिथंच टेकवलेलं होतं, उघडं. त्याचा हात खोक्यात गेला, बुटांचा ब्रश बाहेर आला आणि तीन फटक्यांत टाच साफ झाली. चौथ्या फटक्याला त्याचा हात थांबला. नवा, विकायचा ब्रश. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, हात आपला गेला. दिवसभरात त्या ब्रशाकडे गेलेला हा पहिला हात.

बायकोनं बघितलं. "आता तोही गेला," ती म्हणाली. दमली होती.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी ब्रशाला फळीवर जागा केली. ब्रशाची जागा फळीवर नाही. मळावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे टेबलावर मळ मांडायचा. प्रत्येक ब्रशाशेजारी त्याचा त्याचा."

त्याला वाटलं, तिला पटलं. मग ती बोलली आणि पटलं नव्हतं हे कळलं. आयुष्यभर मी स्वच्छ करायची वस्तू केली आणि आता तिच्यापुढे घाण मांडू? लोक म्हणतील, बाईला घर ठेवता येत नाही, म्हणून कचरा घेऊन बाजारात बसली. आणि हे सांगतंय कोण, तर जो चमचासुद्धा तिरका चालवून घेत नाही तो. एवढं कारखान्यात कळलं असतं तर तुमचं नाव तरी बदललं असतं, म्हणाली, आणि आत गेली.

दोन दिवस तो त्या विषयावर बोलला नाही. नुसतं दार परत स्टुलांवर टाकलं आणि फळीच्या खुंट्या उपटल्या. खुंट्या उपटायला लावण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. आधीचं काम पक्कं असेल तर जास्तच. मग त्यानं दारावर वस्तू मांडायला सुरुवात केली. चिखलाचे बूट. परगावी असलेल्या मुलाचा जुना काळा कोट, त्याच्या खांद्यावर पिठाची चिमूट. तळाशी गाळ बसलेली एक बाटली. शिळ्या पावाचा चुरा पसरलेलं कापड. प्रत्येकाशेजारी ब्रश, तिरका, मूठ बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या उजव्या हातात आपोआप बसेल असा. तिरका ठेवताना त्याचे दात करकरले, पण ठेवला.

तिसऱ्या दिवशी बायको चहाचा कप घेऊन दाराशी, म्हणजे जिथं दार असायचं तिथं, उभी राहिली. बराच वेळ तिनं पाहिलं. मग म्हणाली, "बूट मधोमध कशाला? शेजारी कोट आहे. बूट झाडले की धूळ सगळी कोटावर. अक्कल आहे का?"

तो म्हणाला, "मग?"

"बूट पार टोकाला. टेबलावर नाहीच, खाली खोक्यावर. बूट माणूस वाकून झाडतो." ती आत आली. "आणि वारा तिकडून येतो, नदीकडून. म्हणजे बूट या टोकाला, कोट त्या. बाटली मध्ये, पण पाण्याची बादली हवी, नाहीतर धुणार कशी? आणि हे पीठ मोडा, पीठ खोटं वाटतं. कोटावर घरातली धूळ येऊ द्या, चार दिवस कपाटावर टाका."

असं ते टेबल दोघांचं झालं. शनिवारपर्यंत ते तीनदा बदललं. ती गिऱ्हाईक व्हायची, बाहेरून यायची, हात जिथं जाईल तिथं जाऊ द्यायची. तो मागे उभा राहून तिचा हात बघायचा आणि खडूनं खूण करायचा. मग उलट. तिनं बसायची खुर्ची मागून काढून टेबलाच्या बाजूला घेतली, म्हणजे काम करताना तिचे हात रस्त्यावरून दिसतील. हे तिला स्वतःला सुचलं. त्यानं फक्त खुर्चीला जागा करून दिली.

दुसरा रविवार. आभाळ होतं पण पाऊस नव्हता. टेबल लावून झालं आणि पहिला तास कुणी थांबलं नाही. बायको झुपके भरत राहिली, पण चिमूट एकदा चुकली; तिनं ती उपसून पुन्हा भरली. जागेवर हात पाठीमागे बांधून उभा होता. मग त्यालाच आपले हात दिसले, तसे त्यानं ते सोडले.

पहिली थांबली ती एक शाळेतली मास्तरीण असावी. बुटांकडे बघून हसली, म्हणाली, हे कुणाचे? माझे, तो म्हणाला. लाज नाही वाटत, म्हणाली, आणि बोलता बोलता वाकून ब्रश उचलला. एक बूट तिनं पुरा साफ केला, टाचेसकट. मग दुसराही. ब्रश घेऊन गेली. तिच्यामागे एक तरुण जोडपं कोटापाशी थांबलं. तो म्हणाला, पुढून मागे झाडायचं, ती म्हणाली, वरून खाली, आणि दोघांचं तिथंच जुंपलं. शेवटी जागेवरच्या बायकोनं उठून दाखवलं, कापडाच्या लवीच्या कलानं. ब्रश त्यांनी दोन घेतले. सुरीवाला म्हणाला, वहिनी, माझ्या दोराची नक्कल केलीत, भाडं द्या. ती म्हणाली, घ्या, बूट झाडून जा.

दुपारपर्यंत एक अडचण उभी राहिली. बूट स्वच्छ झाले. कोट असा झाला की लग्नाला घालावा. बाटली आरशासारखी. मळ संपला, आणि मळ संपला की टेबल पुन्हा नुसतं टेबल. जागेवरनं बूट उचलले आणि पाण्याच्या नळाकडे गेला, तिथं डबकं होतं. दोन्ही हात बुटांत घालून तो ते चिखलात थापू लागला. बाजाराची व्यवस्था बघणारी बाई तिथून चालली होती. थांबली आणि काळजीनं विचारू लागली, काका, काही हरवलंय का?

"चिखल," तो म्हणाला. "पुरत नाही."

ती चार पावलं मागे सरकून मगच पुढे गेली.

परत आला तेव्हा टेबलाशी एक बाई उभी होती. रबरी बूट, हाताची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली. दुधाचा धंदा असावा. तसाच होता, तिनं सांगितलंच पुढे. तिच्या हातात बाटलीचा ब्रश होता आणि बाटलीही. ती बाटली धूत नव्हती. ब्रश आत घालून काचेच्या खांद्याखाली, जिथं बाटली रुंद होते तिथं, पोचतो का ते बघत होती. पोचत नव्हता.

ती बायकोशी बोलत होती. माझ्या कॅन आहेत, म्हणाली, दुधाच्या. तोंड अरुंद, मग खांदा, मग पोट. खांद्याच्या आतल्या बाजूला काही म्हणजे काही पोचत नाही. मी हात घालते तर कोपर अडकतं. असला ब्रश वाकवून बघितला, तार मोडते. बाजारात मिळतात ते सगळे सरळ. दूध तिथंच आंबतं, आणि मला रोज उकळत्या पाण्यानं धुवावं लागतं. हात बघा.

बायकोनं हात पाहिले. बाईच्या हातातली बाटली घेतली, आत बोट घालून खांदा चाचपला. तिचा चेहरा असा झाला की जागेवर बूट हातात घेऊन जिथल्या तिथं उभा राहिला. असा चेहरा तिचा कामाच्या खोलीत व्हायचा, दार बंद असताना. बाजारात त्यानं तो कधी पाहिला नव्हता.

"तारेचा नकोच," ती म्हणाली. "लाकडी डोकं करू, चपटं, बोटाएवढं. सळई जाड, मानेशी वाकलेली. केस फक्त वरच्या बाजूला, आणि तिरपे, म्हणजे तुम्ही ओढलात की खांद्यावर घासतील. घोड्याचे नकोत, ते पाण्यात लोळतात. कडक घेऊ."

"असा मिळतो?"

"मिळत नाही. करते मी."

"कधी?"

"पुढच्या रविवारी या आणि घेऊन जा," बायको म्हणाली. "कॅनचं तोंड केवढं आहे ते हातानं दाखवा जरा."

बाईनं दोन्ही हातांनी दाखवलं. बायकोनं बघितलं, जागेवरनंही बघितलं. बाई गेली. बायको खुर्चीवर बसली, ठोकळा घेतला, आणि मग तिचा हात थांबला. पुढचा रविवार सोमवारच्या पलीकडे होता. आपण काय बोलून गेलो ते आता तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. त्यानं बूट खोक्यावर ठेवले, चिखलाची बाजू पुढे, आणि ब्रश तिरका केला.

संध्याकाळी खोकी रिकामी झाली नाहीत. जळमटांचे ब्रश तर एकही गेले नाहीत. जळमटं मांडायची कशी हे दोघांनाही सुचलं नव्हतं. पण खोकी उचलताना तो सवयीनं जोर लावायला गेला आणि पहिलं खोकं हलकं निघून छातीवर आलं. तिनं ते पाहिलं. वाटेत ती कडक केसांबद्दल बोलत होती, कुठे मिळतील, कोण देईल. मालकाचं नाव निघालं नाही.

सोमवारी सकाळी ती एकटी गेली. तो म्हणाला होता, मी येऊ का, तर म्हणाली, तुम्ही येऊन काय करणार, बिल्ला लावणार? तो घरी राहिला. त्यानं मधलं दार बिजागऱ्यांवर चढवलं, खडूच्या खुणा पुसल्या, मग त्याला काम उरलं नाही. काम नसलेला माणूस घरात किती वेळा उठतो-बसतो हे त्यानं त्या सकाळी शिकून घेतलं. ती गेली ती लवकर आलीच नाही. चुलीवर ठेवलेलं पाणी आटलं, त्यानं पुन्हा ठेवलं.

ती आली तेव्हा तिच्या काखेत कागदात गुंडाळलेली एक जुडी होती, हातभर लांब. चपला काढल्या, पाणी प्यायली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, नीट विचार करा. म्हटलं, केलाय." तिनं जुडी टेबलावर ठेवली. "वाईट वाटलं त्यांना. खरंच वाटलं. मग मी म्हटलं, मला कडक केस विकत द्याल का. आधी हसले. मला म्हणाले, इतकी वर्षं आम्ही देत होतो तेव्हा नको झाले होते. मग गड्याला हाक मारली आणि सांगितलं, बाईंना लांब बघून दे, तुटके नको."

तिनं कागद सोडला. केस काळे-करडे, सरळ, सारख्या लांबीचे. तिनं त्यातून एक चिमूट काढली, नखावर वाकवून सोडली. केस टणकन सरळ झाले. ती खूश झाली, तसं दाखवलं नाही.

"त्या बाईनं कॅनचं तोंड दाखवलं ते आठवतं का?" तिनं विचारलं. "मला खांद्याचा उतार आठवतो. तोंड नाही."

त्यानं दोन्ही हात हवेत धरले आणि बोटं त्या अंतरावर थांबवली. मापाची बाब होती, हात हलले नाहीत. तिनं त्या हातांमध्ये काठी धरून खूण केली. मग त्यानं मऊ तारेचा एक तुकडा घेतला आणि सळईचा नमुना म्हणून टेबलाच्या कडेवर वाकवू लागला. तिनं रिकाम्या बरणीचं तोंड पुढे धरलं. तार आत गेली, पण खांद्याला लागली नाही.

"अजून," ती म्हणाली. "मानेशी. हळू."